भद्रा मारुतीच्या रांगेत दोनदा

ज्यांनी खुलताबाद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माझ्या चुका दिसतील, त्यांनी सांभाळून घ्यावं. प्रवास दोनच दिवसांचा होता. धाडजवळच्या आमच्या गावापासून संभाजीनगर, आणि तिथून वेरूळ आणि खुलताबाद. लोक याहून किती लांब जातात हे मला माहीत आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं कॉलेज बुलडाण्याला, एसटीच्या पासवर रोज जाऊन येण्याइतकं जवळ. त्यापलीकडे मी फारशी गेलेच नव्हते. त्यामुळे मला साध्या गोष्टीही मोठ्या वाटतात.

आधी आईच्या नवसाबद्दल सांगायला हवं. बारावीनंतर मला बी.एस्सी.ला घालायचं ठरलं, तेव्हा आईनं खुलताबादच्या दिशेला तोंड करून भद्रा मारुतीला नवस बोलला. पोरगी पहिल्या वर्षाच्या समद्या विषयांत पास झाली की तुझ्या दारात बसून ठेचा-भाकर खाईन, तोवर मिरची तोंडाला लावणार नाही. आमच्याकडे बायका असं काही ना काही सोडतात. कोणी चहा सोडतं, कोणी भात, कोणी पायातली चप्पल. पण आमच्या शेतात पिकते मिरचीच. तोडणीच्या दिवसांत आईच्या हातांची संध्याकाळपर्यंत आग होत असायची, आणि जेवताना तिच्यासाठी फोडणीआधी काढून ठेवलेलं पांढरं वरण. माझी मोठीआई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तिला म्हणायची, "मिरे खात जाय वं. मिरे म्हंजे मिरची नोहे. देवाले फरक कळते." आई मिरेही खात नसे.

उन्हाळ्यात माझा निकाल लागला. एक विषय राहिला होता. एखादा विषय राहिला तरी एटीकेटी म्हणून पुढच्या वर्गात बसू देतात, तशी मी दुसऱ्या वर्षाला बसले. घरी सांगितलं, "पास झाली. दुसऱ्या वर्षाले बसली." त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. तेव्हाच का सांगितलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं घरात कोणीही म्हटलेलं नव्हतं. मीच तसं धरून चालले होते. वाटलं, हिवाळ्यात पेपर पुन्हा द्यायचा, सुटला की प्रश्नच मिटला. पण पेपर देऊन झाला, निकाल यायचा होता, आणि तोडणी संपल्यामुळे आईला नवस फेडायला सवड मिळाली. निकालाची वाट पाहू म्हणायचं, तर कोणता निकाल, हे सांगावं लागलं असतं.

डिसेंबर संपत आला होता, तेव्हा आम्ही निघालो.

शुक्रवार, संभाजीनगर

गजूभाऊंची काळीपिवळी जीप एरवी धाड ते बुलडाणा चालते. दोन दिवसांसाठी ती आमच्या गल्लीतल्या नऊ जणींची झाली. मोठीआईला गाडी लागते म्हणून ती पुढे, बाकी आम्ही मागे गुडघ्याला गुडघा लावून. खाण्याच्या पिशव्या पायांत होत्या. एक डबा मात्र आईच्या मांडीवर. त्यात पहाटे वाटलेला ठेचा होता, झाकणावरून फडकं बांधलेला.

"खाली ठेव वं थो डबा," मोठीआईनं मागे वळून सांगितलं.

"राहू दे. सांडन."

"ठेचा कुठं सांडत असते का? वरण हाय का थे?"

आई हसली, पण डबा मांडीवरच राहिला. मी तिच्या शेजारी बसले होते. तो डबा गाडीच्या प्रत्येक आचक्याला माझ्या कोपराला लागत होता.

भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री. रस्त्याकडेची शेतं आमच्यासारखीच, तरी जीपमधल्या बायका ती अशी बघत होत्या जणू परीक्षेचे पेपर तपासायला बसल्या आहेत. कोणाची तूर दाट होती, कोणी कपाशी वेचायची ठेवली होती, कोणाच्या बांधावर गवत माजलं होतं. "बाई, एवढा चांगला मका, अन कणसं अजून उन्हात टाकून ठेवले. घरात बायको हाय का नाही त्याच्या?" मोठीआई म्हणाली. गजूभाऊ म्हणाले, "गाडी थांबवू का? इचारून या." शहर येईपर्यंत हेच चाललं होतं.

संभाजीनगरला आमच्याकडची जुनी माणसं अजून औरंगाबादच म्हणतात. जीप राजाबाजारात शिरली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आधी संस्थान गणपतीचं दर्शन घेतलं. शहराचं ग्रामदैवत आहे, त्यामुळे आधी त्याला विचारून पुढं जायचं, असं मोठीआईनं ठरवलं होतं. मला ते आवडलं. पाहुण्याच्या घरी गेल्यावर आधी घरातल्या थोरल्यांना नमस्कार करतो, तसं.

दुपारी पाणचक्कीला गेलो. तिथे एका सुफी बाबांचा दर्गा आहे, मोठा हौद आहे, हौदात मासे आहेत, आणि उंच भिंतीवरून पाणी कोसळतं. त्या पाण्यावर पूर्वी पिठाची चक्की चालायची. आई आणि मोठीआई दर्ग्यासमोर पदर डोक्यावर घेऊन वाकल्या आणि मग थेट चक्कीपाशी गेल्या. तिथे एक म्हातारे बाबा बसले होते. मोठीआईला हिंदी येतं असं मोठीआईचं मत आहे.

"बाबा, ये पानी किधर से आता?"

"दूर पहाड़ से आता अम्मा. जमीन के अंदर से नहर है."

"मोटर किधर लगाई?"

"मोटर नहीं अम्मा. उस जमाने में मोटर कहाँ थी."

"मंग लाइट गई तो?"

"लाइट का काम ही नहीं."

मोठीआई आमच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख होतं. "पाह्य वं. लाइटच नाही लागत. अन आपण चार तास लाइटीपायी विहिरीवर बसून राहतो."

बाबांनी गाव विचारलं. बुलडाण्याकडचे म्हटल्यावर ते एकदम खुलले. "फिर तो सैलानी आपके पास. मैं हर साल होली को आता हूँ उधर." मला गंमत वाटली. आम्ही देवदर्शनाला त्यांच्या शहरात आलो होतो, आणि त्यांचं जायचं ठिकाण, सैलानी बाबांचा दर्गा, आमच्या जिल्ह्यात, पिंपळगाव सराईच्या पुढं होतं. शेगावचंही तसंच. इथली माणसं गाड्या करून शेगावला जातात, आणि आमच्या गल्लीतल्या दोन जणींनी अजून शेगाव पाहिलेलं नाही.

"अब के आए तो हमारे घर को आना," मोठीआईनं बाबांना बजावलं. "धाड के आगे. ठेचा-भाकर करती मैं."

"ना अम्मा," बाबा हात जोडून म्हणाले. "उधर की मिर्ची बहुत तेज होती."

रात्रीचं जेवण आम्ही एका खानावळीत घेतलं. आईनं वाढणाऱ्याला विचारलं, "बिना तिखटाची भाजी हाय का दादा?"

"तिखट कमीच असतं मावशी आमच्याकडं."

"कमी नाही. बिलकुल नको."

"कुठल्या तुम्ही?"

"धाडकडच्या."

तो थाळी हातात धरून थांबलाच. "धाडच्या? मिरचीच्या गावच्या, अन तिखट नको?" मग शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही त्यानं ते सांगितलं. शेवटी त्यानं दही आणि साखर आणून दिली. मोठीआई म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत हाय भाऊ. मंग ये अन पाह्य, कशी खाते ती." सगळ्या हसल्या. आई लाजली आणि माझ्याकडे बघून हसली. मी ताटात बघत राहिले. मला सांगायचं होतं. खानावळीत नको, असं मनाशी म्हटलं. नंतर भक्तनिवासात पोचलो, तिथं गरम पाणी आलं म्हणून सगळ्या खुशीत होत्या, तेव्हा म्हटलं, आता नको.

शनिवार, वेरूळ

सकाळी लवकर घृष्णेश्वराला पोचलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, लाल दगडाचं देऊळ. थंडी चांगलीच होती. इथल्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून उघड्यानं जावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. गजूभाऊंनाही नसावं. बनियन काढताना ते फारच रेंगाळले. आम्हाला वाटलं थंडीमुळे. मग दंडावरचं गोंदण दिसलं. बदामाच्या आकारात एक नाव होतं, "संगीता".

गजूभाऊंच्या बायकोचं नाव लता आहे. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे.

"गजू," मोठीआई म्हणाली, "ही कोण रे बाप्पा?"

"बहीण हाय माही."

"बहिणीच्या नावाभोवती बदाम कायले काढला?"

"गोंदणाऱ्यानं काढला. मी म्हटलं होतं त्याले, नको काढू."

"लताले ठाव हाय का?"

"मोठीआई, देवाच्या दारात काय इचारून राह्यल्या तुम्ही?"

"देवाच्या दारातच इचारा लागते. बाहेर तं तू शर्ट घालून असतो."

रांगेतले अनोळखी लोकही हसायला लागले. गजूभाऊ दंडावर हात ठेवून गाभाऱ्यात गेले आणि तसेच बाहेर आले. मीही हसले. पण आईकडे बघायचं टाळलं. आतमध्ये आईनं पिंडीला हात लावला, तो हात माझ्या डोक्यावरून फिरवला. पिंडीवरच्या पाण्यानं तिचा हात गार पडला होता.

तिथून लेणी जवळच. शाळांच्या सहली आल्या होत्या, सगळीकडे गणवेशातली पोरं आणि शिट्ट्या. माकडंही पुष्कळ. आईनं ठेच्याचा डबा पदराखाली धरला आणि ती कैलास लेण्यात अशी चालत होती की तिला भिंती दिसत होत्या की फक्त माकडं, कोण जाणे. एक गुरुजी मुलांना मोठ्यानं सांगत होते, आम्ही त्यांच्या मागे उभ्या राहिलो. हे आख्खं देऊळ एका डोंगरातून कोरून काढलं आहे, तेही वरून खाली. आधी कळस, मग छत, मग खांब. दगड जोडलेला कुठेच नाही, नुसता काढून टाकलेला.

आई थांबली. माकडांना विसरून वर बघायला लागली.

"म्हंजे एकदा जास्त कापला गेला की गेला?" तिनं मला विचारलं. "परत लावता येत नाही?"

"नाही."

"मंग चुकलंच नसन का त्याह्यचं कुठं?"

उत्तर मोठीआईनं दिलं. "चुकलं असन तं तिथं फूल कोरलं असन. आपण काय, फूलच पाहतो."

त्यानंतर आई प्रत्येक फुलापाशी थांबून बघू लागली, हे चुकीचं की मुद्दाम काढलेलं. त्यामुळे आम्हाला तिथून निघायला फार वेळ लागला आणि गजूभाऊंनी दोनदा फोन केला.

खुलताबाद

खुलताबाद म्हणजे घाटावरचं लहान गाव. दर्गे, जुने दरवाजे, सीताफळाची झाडं, आणि दुकानांत मोठ्या परातीएवढे खाजे रचलेले. शनिवार असल्यामुळे भद्रा मारुतीला गर्दी. रुईच्या पानांचे हार आणि नारळ घेऊन आम्ही रांगेत उभ्या राहिलो. आमच्या बायका रांगेत आपोआप तोडणीला लागल्यासारख्या उभ्या राहतात. जिच्या पुढे जी शेतात असते तिच्या पुढे तीच, मध्ये कोणाला घुसू देत नाहीत.

तिथला मारुती उभा नाही, झोपलेला आहे. जमिनीलगत आडवी, शेंदूर लावलेली मोठी मूर्ती. आपण वरून वाकून बघायचं. मी असा देव कधी पाहिला नव्हता. मनात भीती नव्हती, उलट कोणाच्या तरी घरात दुपारी हळूच शिरल्यासारखं वाटलं. "देव निजला अन लोक घंटा वाजवून राह्यले," मोठीआई कुजबुजली.

रांगेत मी तीनदा तोंड उघडलं. एकदा फुलवाली आली, एकदा मोठीआईची चप्पल तुटली, तिसऱ्यांदा मूर्तीच समोर आली. आई मूर्तीपुढे हात जोडून स्पष्ट बोलली, "देवा, माही अश्विनी पास झाली. तू ऐकलं." आणि आम्ही पुढे सरकलो.

देवळाबाहेर एका वडाखाली बसलो. फडकी उलगडली. ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरी, कांदे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मध्ये आईचा डबा. झाकण उघडलं तसा लसणाचा आणि भाजलेल्या मिरचीचा वास सुटला. सगळ्या थांबल्या, पहिला घास आईचा होता. गजूभाऊ मोबाईल काढून फोटोला तयार. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घेतला. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. दीड वर्ष.

घास वर गेला आणि मी तिचं मनगट धरलं.

"आई, थांब."

"काय झालं? माशी पडली का?"

"मी समद्यात पास नाही झाली."

घास तसाच धरून ती माझ्याकडे वळली.

"एक इषय राह्यला. उन्हाळ्यातच राह्यला होता. मी घरी सांगतलं नाही."

मग गजूभाऊंनी मोबाईल खाली केला. "एटीकेटी का? थे काही नापास नोहे वहिनी. माह्या भाच्याचे सात राह्यले, बुलेटवर फिरून राह्यला थो."

"कोणता इषय?" मोठीआईनं विचारलं.

"वनस्पतिशास्त्र."

"म्हंजे?"

"झाडाझुडपाचं."

आधी कोणाला नीट कळलं नाही. मग मागून कोणीतरी पदर तोंडाला लावून हसल्याचा आवाज आला, आणि मोठीआईनं कपाळावर हात मारला. "माय वं! समदी जिंदगी आपली झाडात गेली, अन पोरीले झाडाचाच पेपर जड गेला?"

"त्यात मिरची नसते मोठीआई. शेवाळ असते. बुरशी असते."

"बुरशी तं आपल्या मिरचीवर बी असते. थेच पाहून लिहाचं होतं!"

आता सगळ्याच हसत होत्या, आणि मला रडू येत होतं, आणि तशातच वडाखाली न्यायनिवाडा सुरू झाला. मोठीआईचं म्हणणं, वर्ग पुढं गेला ना, मग देवाला बाकीचं काय करायचं, खाऊन टाक. शेजारी बसलेल्या हारवालीनंही मत दिलं, देवाच्या दारात आणलेला घास परत नेऊ नये. कोणी म्हणालं, पुजाऱ्याला विचारू.

आईच्या हातात घास तसाच होता. "पुजाऱ्याले काय इचारायचं?" ती म्हणाली. "बोलली मी होती. समद्या इषयात, असंच बोलली होती. मले चांगलं याद हाय."

तिनं तो घास गजूभाऊंच्या भाकरीवर ठेवला. "खा तुम्ही. वाया कायले घालवायचा?" मग तांब्यातल्या पाण्यानं बोटं नीट धुतली, उठली आणि मला म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"आत. आत्ताच त्याले सांगून आली, पोरगी पास झाली म्हणून. खोटं सांगून घरी कशी जाऊ?"

"अवं, थो देव हाय," मोठीआई म्हणाली. "त्याले आधीच ठाव असन."

"त्याले ठाव असन. पण मी तं खोटं बोलली ना."

रांग पहिल्यापेक्षा लांब झाली होती. आम्ही दोघीच शेवटी जाऊन उभ्या राहिलो. पहिल्या वळणापर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत सरकत होते. वळणावर ती वळली.

"भेव कोणाचं वाटलं? बाबाचं?"

"नाही."

"माह्यं?"

"नाही आई. तू एवढी मिरची सोडली, अन मी..."

"मंग माह्या मिरचीचंच भेव वाटलं म्हन."

मी मान हलवली. खरंच तसंच होतं, आणि मला ते सहा महिन्यांत असं सरळ सांगता आलं नव्हतं.

"तुह्यावर ओझं टाकाले नव्हती वं सोडली," ती म्हणाली. "मले दुसरं काय करता येत होतं? तुहा पेपर तं मले लिहिता येत नाही. मले येत होतं थे मी केलं."

"मावशी, पुढं सरका," मागचा माणूस म्हणाला.

आम्ही पुढं सरकलो. त्यानंतर ती मला शेवाळाबद्दल विचारत होती. विहिरीतलं आणि पेपरातलं एकच का. मी तिला सांगत गेले, जेवढं येत होतं तेवढं. मागचा माणूसही ऐकत होता असं मला वाटतं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच कोणाला तरी माझा विषय समजावून सांगत होते, आणि सांगताना कळलं की पेपरात एक उत्तर मी चुकवून आले आहे. हे मात्र तिला तेव्हा सांगितलं नाही. जीपमध्ये सांगितलं.

मूर्तीपुढे पुन्हा वाकलो. आईनं हात जोडले. "देवा, मघाशी चुकीचं सांगतलं. एक राह्यला हाय. झाडाचा." पुजाऱ्यानं हार घालता घालता मान वर करून बघितलं. आई माझ्याकडे वळली.

"आता तू बोल."

"मी काय बोलू?"

"पेपर तू देणार, अन फिकं मी एकटी खाऊ? तू बी सोड."

मागून लोक ढकलत होते. विचार करायला वेळ नव्हता, आणि वेळ असता तर मी बहुतेक बोलले नसते, कारण मला ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही. मी डोळे मिटले आणि बोलले.

बाहेर आलो तेव्हा वडाखाली डबा पुसून काढल्यासारखा रिकामा होता. सगळ्यांचे डोळे-नाक लाल, गजूभाऊ तर दुसऱ्या तांब्यावर होते. "लई झणझणीत झाला होता वं," मोठीआई हुशहुश करत म्हणाली. "बरं झालं तुम्ही दोघी नव्हत्या." आम्ही दोघींनी भाकरी गुळाशी खाल्ली. मग सगळ्यांनी खाजा घेतला. परतीच्या वाटेवर आईनंच सगळ्या जीपला सांगितलं की पोरीचा अजून एक निकाल यायचा आहे. ती ते इतक्या सहज सांगत होती की फुलंब्रीपर्यंत मलाही ते सहज वाटायला लागलं.

घरी

बाबा गोठ्यात होते. आईनं दारातूनच सांगितलं, "अश्विनीचा एक इषय राह्यला होता पहिल्या वर्षाचा."

"मंग? परत दिला का पेपर?" त्यांनी मला विचारलं.

"दिला."

"कसा गेला?"

"बरा गेला. एक उत्तर चुकलं."

"एकच ना?" ते म्हणाले आणि बैलाला पेंड घालायला वळले. ज्यासाठी मी सहा महिने जीव मुठीत धरून होते, ते एवढंच होतं.

हे लिहिते आहे तोवर निकाल आलेला नाही. मोबाईलवर लागतो, आणि आई रोज मी कॉलेजातून आले की मोबाईलकडे बघते, माझ्याकडे नंतर. घरात आता फोडणीआधी दोन वाट्या बाजूला काढतात. पहिला आठवडा मला फार जड गेला. सगळं कोमट पाण्यासारखं लागत होतं. पण हळूहळू एकेक कळायला लागलं. जिऱ्याची चव वेगळी, हिंगाची वेगळी, आणि तुरीच्या वरणाला मुगाच्या वरणापेक्षा थोडी गोडी जास्त असते. एकोणीस वर्षं मी दोन्ही खात होते, मला हे माहीतच नव्हतं. तीन आठवड्यांनी मी ते आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"मले तं तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "या इषयात बी मांगंच हायेस तू." आणि तिनं तिच्या वाटीतलं थोडं वरण माझ्या वाटीत ओतलं.